त्यात सगळं आलं

मागच्या जूनमध्ये आई, ताई, भाऊजी, भाची आणि मी असे पाच जण न्यूयॉर्कहून सात रात्रींच्या क्रूझवर बर्म्युडाला जाऊन आलो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, माहेर रत्नागिरीचं. लहानपणी मुंबईला मामाकडे यायची ती बोटीनंच, त्यामुळे समुद्र आणि जहाज तिला नवं नव्हतं. नवा होता तो जहाजावरचा हिशेब. पहिल्या दिवशी बुफेत कॉफीचं यंत्र दिसलं, तेव्हा कपाला हात लावण्याआधी तिनं ताईला विचारलं, ‘हे त्यात आलंय ना?’ आलं होतं. तिथून वीस पावलांवर कॉफीचा दुसरा कट्टा होता, त्याची कॉफी त्यात आलेली नव्हती. नळाचं पाणी त्यात होतं, बाटलीतलं नव्हतं. आइस्क्रीमचं यंत्र त्यात होतं आणि त्याच मजल्यावरचं आइस्क्रीमचं दुकान नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून आईनं विचारणं सोडलं. त्याबरोबर जेवणाच्या हॉलबाहेर काही खाणंपिणंही सोडलं.

रोज रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर पेनसिल्व्हेनियातलं एक निवृत्त जोडपं बसायचं. बाईंनी आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. ही त्यांची एकविसावी क्रूझ होती आणि ती शेवटची ठरावी असं त्यांच्या मनात घोळत होतं. पूर्वी खोली दिवसातून दोनदा आवरली जायची, आता एकदाच. मध्यरात्रीचा बुफे गेला. उशीवरचं चॉकलेट गेलं. आणि भाडं मात्र पाच-सहा वर्षांपूर्वी जे होतं त्याच्या दीडपट. भाऊजी न्यू जर्सीत विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतात. त्यांनी कागदी रुमालावर हिशेब मांडला. माणशी दिवसाला साधारण दीडशे डॉलर, त्यात राहणं, तीन वेळचं जेवण, रात्रीचा नाटक-गाण्याचा कार्यक्रम आणि न्यूयॉर्क ते बर्म्युडा जाऊन येऊन प्रवास. एवढ्या पैशांत मॅनहॅटनमध्ये धड खोलीही मिळत नाही, मग हे महाग कसं? बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, ‘मी याची तुलना हॉटेलशी करत नाही. मी या जहाजाची तुलना याच जहाजाशी करते.’

क्रूझ महाग झाली की नाही, या वादात लोक एकमेकांवर इतके का चिडतात ते मला त्या उत्तरानं कळलं. दोघांची बेरीज बरोबर होती. वजाबाकी कशातून करायची यावर त्यांचं एकमत होणं शक्य नव्हतं.

आईच्या लहानपणच्या बोटीत हा प्रश्न नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. बहुतेक ठिकाणी ती किनाऱ्याला लागायचीच नाही, खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं उतरवून न्यायचे. डेकवर वळकटी पसरून झोपणाऱ्या माणसानं तिकीट काढलेलं असायचं ते अंतराचं. रत्नागिरी आली की व्यवहार पुरा झाला. एस.टी. काय घेते, बोट काय घेते, ही तुलना कुणालाही जमायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती सेवा थांबली. क्रूझचं जहाज मात्र जिथून निघतं तिथेच परत येतं. तुम्ही अंतर विकत घेतलेलं नसतं, सात दिवस घेतलेले असतात. त्या सात दिवसांचा भाव कशाशी ताडून बघायचा? कुणी हॉटेलशी बघतं, कुणी ऑर्लँडोच्या डिस्नीशी, कुणी घरी बसण्याशी, तर कुणी स्वतःच्या २००८ सालच्या क्रूझशी. प्रत्येक तुलनेतून वेगळं उत्तर निघतं आणि प्रत्येकाला वाटतं की समोरच्याला आकडे कळत नाहीत.

भाऊजींच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं आधी बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. आजची क्रूझ उभी राहिली ती समुद्रप्रवास मेल्यानंतर. १९५८मध्ये अटलांटिक ओलांडणारी जेट विमानं सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क करणारी मोठमोठी जहाजं रिकामी धावू लागली. अशीच एक जुनी बोट घेऊन टेड अॅरिसन यांनी १९७२ साली मायामीतून कार्निव्हल कंपनी सुरू केली. ‘मार्डी ग्रा’ नावाची ती बोट पहिल्याच सफरीत, तीनशे ट्रॅव्हल एजंटांना घेऊन, बंदराबाहेरच्या वाळूत रुतली. तरीही धंदा चालला, कारण त्यामागचा विचार नवा होता. जहाज श्रीमंतांचं राहणार नव्हतं. पेन्शनर, शाळामास्तर, कारखान्यातला कामगार, सगळ्यांना परवडेल असं एकच भाडं ठेवायचं आणि त्यात राहणं, जेवण, करमणूक सगळं द्यायचं. जहाज सुटलं की रिकामी केबिन ही नासलेल्या भाजीसारखी असते, तिचे पैसे पुन्हा कधी मिळत नाहीत. म्हणून शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या भावाला केबिन विकायची, माणूस जहाजावर आणायचा आणि मग बार, कॅसिनो, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली यांतून कमवायचं. या धोरणामुळे कित्येक वर्षं क्रूझचं भाडं महागाईच्या मानानं मागेच राहिलं. हॉटेलं वाढली, विमानं वाढली, डिस्नीचं तिकीट वाढलं, क्रूझ तिथेच. शिक्षिकाबाईंच्या मनात जी जुनी किंमत घर करून बसली आहे, ती त्या काळातली आहे. तो काळ नेहमीचा म्हणावा असा नव्हता.

पुढचं आपल्याला माहीत आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाच्या बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज साथीसकट अडकलं, त्यावरच्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. मार्चच्या मध्याला जगातली जवळजवळ सगळी क्रूझ जहाजं थांबली. अमेरिकेच्या बंदरांतून ती पुन्हा सुटली ती जून २०२१च्या अखेरीस. त्या काळात उत्पन्न शून्य, पण नांगरलेलं जहाजही खातं. इंजिन चालू ठेवावं लागतं, माणसं ठेवावी लागतात, कर्जाचे हप्ते भरावे लागतात. एकट्या कार्निव्हलचं कर्ज ३० अब्ज डॉलरच्या वर गेलं. ते फेडायचं तर भाडं वाढणारच होतं. त्यात इंधन महागलं, इंधनातल्या गंधकाचे नियम २०२०पासून कडक झाले, युरोपात २०२४पासून जहाजांनाही कार्बनचे पैसे मोजावे लागतात.

एवढं मान्य करून पुढची गोष्टही सांगायला हवी. खर्च वाढला म्हणून भाडं वाढलं, हे अर्धंच खरं आहे. जहाजं भरली म्हणून भाडं वाढलं. क्रूझच्या धंद्यात एका केबिनला दोन माणसं धरून मोजणी होते. तिसरं-चौथं माणूस आलं की जहाज शंभर टक्क्यांच्या वर भरतं आणि आता ते सर्रास तसं भरतं. २०२४ सालात कार्निव्हलचं उत्पन्न २५ अब्ज डॉलरपर्यंत गेलं, तोवरचा विक्रम. रॉयल कॅरिबियननं त्या वर्षी जवळपास २.९ अब्ज डॉलर निव्वळ नफा मिळवला. जमिनीवरच्या सुट्टीपेक्षा क्रूझ अजून बरीच स्वस्त आहे आणि हे अंतर आम्हाला कमी करायचं आहे, असं कंपन्यांचे प्रमुख गुंतवणूकदारांपुढे उघड बोलतात. म्हणजे भाऊजींनी कागदी रुमालावर मांडलेला हिशेब कंपनीनंही मांडलेला आहे. फरक इतकाच की भाऊजींना जी बचत दिसते, ती कंपनीला अजून न घेतलेली किंमत दिसते. क्रूझ स्वस्त आहे हा मुद्दा जितका खरा, तितकीच ती यापुढे महाग होत जाणार.

माझी तक्रार भाडेवाढीबद्दल नाही. भरल्या गाडीचं तिकीट वाढतं, हे दिवाळीत कोकणात जाणाऱ्याला कुणी शिकवायला नको. ‘त्यात सगळं आलं’ हा या धंद्यानं पन्नास वर्षं दिलेला शब्द होता, आणि भाडं वाढवताना तो शब्दही काढून घेतला, हे मला खटकतं.

मराठी माणसाला हे समजावून द्यायला थाळी पुरेशी आहे. खानावळीत आपण थाळीचे पैसे देतो तेव्हा पोळी किती खाल्ली हे कुणी मोजत नाही. भूक असली तर चार, नसली तर दोन. वाढपी ‘अजून घ्या’ म्हणत फिरत असतो आणि त्याच्या आग्रहाला आपण मानेनंच नको म्हणतो. त्या मोकळेपणाचेही पैसे थाळीत धरलेले असतात. आता समजा मालकानं थाळी दोनशेची तीनशे केली. आपण कुरकुरतो, पण जातो. पण दोनशेचीच ठेवून पोळीचे वेगळे, कांद्याचे वेगळे, आमटी दुसऱ्यांदा घेतली तर दहा रुपये असं केलं, तर बिल अडीचशेच होईल, तीनशेपेक्षा कमीच, तरीही आपण त्या खानावळीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. कारण प्रत्येक घासाला डोकं हिशेब करू लागतं. क्रूझवर नेमकं हेच घडलं आहे. काही कंपन्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये तिसरा मुख्य पदार्थ मागितला तर ५ डॉलर लावायला सुरुवात केली. तिसरा पदार्थ घेणारे थोडेच, पाच डॉलरनं कुणी बुडत नाही, आणि जेवण वाया जाऊ नये हे कारणही पटण्यासारखं. पण त्या पाच डॉलरची पाटी लागली की पहिले दोन पदार्थ खाणाराही हिशेबी होतो. माझ्या आईनं तिसरा पदार्थ कधी मागितलाच नसता. तिची कॉफी गेली ती मात्र अशाच पाट्यांमुळे.

मग भाड्याच्या आकड्याचं काय होतं ते बघा. जाहिरातीत दिसतं ते भाडं. त्यावर बंदराचे कर आणि शुल्क. १ जुलै २०२४पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं ही शुल्कं पहिल्याच आकड्यात दाखवणं भाग पडलं आणि मोठ्या क्रूझ कंपन्यांनी तो बदल सगळ्या अमेरिकेसाठी केला. चांगलं झालं. पण टीप त्यात आली नाही. टीप म्हणजे खूश होऊन हातावर ठेवलेले पैसे, असं आपण समजतो. इथे ती रोजच्या रोज खात्यावर चढते, माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, बऱ्याच जहाजांवर लहान मुलांचीही. आम्ही पाच जण, सात दिवस, अठरा डॉलर. भाचीनं तोंडी गुणाकार केला, ६३० डॉलर. काढून टाकायची सोय असते, काउंटरवर जाऊन सांगायचं. पण ज्या माणसानं सकाळ-संध्याकाळ आपल्या आईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, त्याची टीप काढा म्हणून कोण सांगायला जाईल? मग जे कुणीही काढणार नाही, ते भाड्यात का नाही? पुढे पेयांचं पॅकेज. बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं आणि त्यावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं. मग इंटरनेट. मग चांगल्या रेस्टॉरंटातलं जेवण. कंपन्यांचे वार्षिक अहवाल बघितले तर एकूण उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरून येतो. हा तिसरा हिस्सा कुठल्याच जाहिरातीच्या पहिल्या ओळीत नसतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी स्वतःवरच अनेकदा घेतला आहे. सगळं एकत्र बांधलं की न पिणारा पिणाऱ्याचे पैसे भरतो. आमच्या पाचांतले चौघं दारूला शिवत नाहीत. बारचा खर्चही भाड्यात मिसळला असता तर आईनं तो का भरावा? ज्याला हवं त्यानं घ्यावं, ज्याला नको त्यानं स्वस्तात राहावं, यात अन्याय काय? हा आक्षेप मी पूर्ण मानतो, दारूपुरता. घसरगुंड्या, गो-कार्ट, स्पा, कॅसिनो यांपुरताही मानतो. २०२४च्या जानेवारीत मायामीहून सुटलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर वीस मजले, सात तलाव, सहा घसरगुंड्या आहेत आणि पूर्ण भरलं तर ते ७,६०० प्रवासी घेऊन जातं. एवढं गाव पाण्यावर तरंगवायचं तर ज्याची हौस त्याचे पैसे, हे रास्त आहे.

पण जे नव्यानं जोडलं त्याचे पैसे मागणं ही एक गोष्ट आणि जे आधी होतं ते काढून त्याचे मागणं ही दुसरी. खोली एकदाच आवरणं ही कुणाची निवड नाही. खोलीवर मागवलेल्या सँडविचला शुल्क लागणं, ही निवडीच्या नावाखाली केलेली काटछाट आहे. माझी कसोटी साधी आहे. पाच वर्षांपूर्वी या जहाजावर जी गोष्ट न विचारता मिळत होती, ती आज मिळत नसेल, तर ती भाडेवाढच आहे आणि ती भाडेवाढ म्हणूनच सांगायला हवी. जाहिरातीत भाडं दहा टक्क्यांनी वाढलेलं दिसतं, जहाजावर ते वीस टक्क्यांनी वाढलेलं निघतं, आणि मधले दहा टक्के कुठे गेले हे माणसाला सातव्या दिवशी कळतं. शिक्षिकाबाईंचा राग त्या मधल्या दहा टक्क्यांवर होता. भाऊजींच्या रुमालावर ते नव्हतेच, कारण त्यांची ती पहिली क्रूझ.

जुन्या प्रवाशांबद्दल थोडं. जून २०२५मध्ये कार्निव्हलनं जाहीर केलं की नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेत यापुढे प्रवाशाची पायरी त्यानं किती दिवस प्रवास केला यावर न ठरता किती पैसे खर्च केले यावर ठरेल, आणि मिळवलेली पायरी ठरावीक काळच टिकेल. वर्षानुवर्षं येणारे लोक खवळले. बाहेरून बघणाऱ्याला हे पोरकट वाटेल, कारण त्या पायऱ्यांनी मिळतं काय, तर रांगेत पुढे जागा, एखादी बाटली पाणी, एक बिल्ला. पण दिवसांची मोजणी गरीब माणसालाही जमते. वीस वर्षं दरवर्षी आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमधून जाणारा पेन्शनर त्या मोजणीत वरच्या पायरीवर पोचतो. पैशांच्या मोजणीत एकदाच मोठ्या सुइटमधून आलेला माणूस त्याच्या पुढे जातो. या सामान्य माणसांच्या जिवावर १९७२ नंतरचा हा सगळा धंदा उभा राहिला. त्यांना आता कळतं की आपली निष्ठा मोजण्याचं माप बदललं आहे. धंद्याच्या दृष्टीनं तो बदल समजण्यासारखा आहे. माणूस म्हणून तो दुखावणारा आहे, आणि दुखावलेल्यांना मी अडाणी म्हणणार नाही.

आता ज्याच्याबद्दल या वादात दोन्ही बाजू क्वचितच बोलतात, त्या माणसाबद्दल. आमच्या टेबलाचा मदतनीस वाढपी पेडण्याचा होता. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्या माणसाला तारवटी म्हणतात आणि घरटी एक तारवटी असलेली गावं तिथे आहेत. आईशी तो मराठीत बोलायचा, ‘मावशी’ म्हणायचा. त्याचा करार आठ महिन्यांचा. त्यात आठवडी सुट्टी नाही. काही तास मोकळे मिळतात, आख्खा दिवस नाही. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम घेता येतं. जहाजावर झेंडा बहामाजचा किंवा पनामाचा, त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. मी त्याला विचारलं, खोल्या एकदाच आवरतात म्हणजे काम कमी झालं असेल? त्याच्या खोलीतला सोबती केबिनचं काम बघायचा. वाढपी म्हणाला, ‘कमी कसलं? आता त्याच्याकडे खोल्या जास्त आहेत.’

क्रूझ इतकी वर्षं स्वस्त कशी राहिली, याचं सगळ्यात उघड उत्तर हवाईत दिसतं. ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे अमेरिकी झेंड्याखाली चालणारं एकमेव मोठं क्रूझ जहाज. त्यावरचे कर्मचारी मुख्यतः अमेरिकी, पगार आणि कर अमेरिकी कायद्यानं. १८८६च्या जुन्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्याच बंदरांतून प्रवासी चढवून-उतरवून फिरता येत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. या जहाजाला ती अट नाही, म्हणून ते फक्त हवाईची बेटं फिरतं. त्याचं भाडं त्याच आकाराच्या, त्याच वयाच्या इतर जहाजांपेक्षा बरंच जास्त असतं आणि त्यावर घसरगुंड्यांचा थाट नाही. तो जो फरक आहे, त्यातला मोठा भाग पेडण्याच्या, मनिलाच्या, बालीच्या माणसांनी आजवर आपल्यासाठी भरला. शिक्षिकाबाईंची जुनी स्वस्ताई आणि भाऊजींची आजची स्वस्ताई, दोन्हींत तो आहे. साथीतही भार त्यांच्यावरच पडला. एप्रिल २०२०च्या अखेरीस ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरून शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा कित्येक दिवस ते आपल्याच किनाऱ्यासमोर परवानगीची वाट पाहत थांबले होते. त्या दिवसांत गोव्यातल्या घराघरांत मुलांचे फोन यायचे, जहाज उभं आहे आणि पगाराचं काय होईल ते माहीत नाही.

म्हणून पैशाचं मोल मिळालं का, असं विचारताना मला तो प्रश्न टेबलाच्या दोन्ही बाजूंनी विचारावासा वाटतो. भाडं वाढलं, विक्रमी नफा झाला, आणि त्या वाढप्याचा पगार अजून प्रवाशाच्या मर्जीवर ठेवलेल्या टीपेतून निघत असेल, तर ती भाडेवाढ मी पूर्ण मनानं कशी मान्य करू? हे बदलता येत नाही असं कुणी म्हणू नये. ब्रिटनमधल्या पी अँड ओ क्रूझेसनं २०१९ साली रोजची टीप बंद करून ती भाड्यात घेतली. ब्रिटिश प्रवाशाला टीपेची सक्ती आवडत नाही, म्हणून. ती कंपनी कार्निव्हल समूहाचीच आहे. एकाच समूहाला एका किनाऱ्यावर जे जमतं, ते दुसऱ्या किनाऱ्यावर जमत नाही याचं कारण हिशेबात सापडणार नाही. अमेरिकी ग्राहक ते सहन करतो, एवढंच कारण आहे, आणि आता मुंबई-पुण्याहून जाणारे आपणही सहन करतो.

आपणही म्हणतो, कारण हा प्रश्न आता परक्याचा राहिलेला नाही. सिंगापूरच्या सहलीला तीन रात्रींची क्रूझ जोडणं आपल्याकडे नेहमीचं झालं आहे. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ २०२१पासून जाते. १९९० साली बांधलेलं ते जहाज आधी अमेरिकेत चालायचं. त्याआधी २०१९मध्ये मुंबईतून सुरू झालेली ‘कर्णिका’ दीड वर्षात अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. जहाजाचा धंदा किती कठीण आहे हे त्यावरून कळावं, आणि कंपन्यांनी पैसे मिळवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण आपला ग्राहक नवा आहे. त्याच्या मनात जुन्या क्रूझची आठवण नाही, त्यामुळे काय काढून घेतलं ते त्याला कळणार नाही. तो बुकिंग करताना ट्रॅव्हलवाल्याला एकच प्रश्न विचारतो, ‘यात सगळं आलं ना?’ आणि त्याला ‘हो’ असं उत्तर मिळतं. त्या ‘हो’मध्ये टीप धरली आहे का, बंदराचं शुल्क धरलं आहे का, पाणी धरलं आहे का, हे लेखी मागावं. सगळ्यांनी मागितलं तर एक आकडा छापावाच लागेल. तो मोठा असेल. असू दे.

शेवटच्या दिवशी पहाटे साडेचारला आईनं मला उठवलं. तिला पूल बघायचा होता. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जहाज जाताना धुराडं वर आपटेल असं वाटतं आणि आपटत नाही. डेकवर शंभरेक माणसं गोधड्या पांघरून उभी होती. शिक्षिकाबाई होत्या, भाऊजीही होते, दोघं शेजारी शेजारी. पूल मागे गेला, डावीकडे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसू लागला. वारा गार होता. बुफेच्या दाराशी पेडण्याचा तो मुलगा कपांची चळत लावत होता. रात्री अकरापर्यंत त्याला मी हॉलमध्ये बघितलं होतं. आई त्याच्याजवळ गेली आणि कपाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘हे त्यात आलंय ना रे?’

‘आलंय, मावशी. बसा तुम्ही, मी आणतो.’

तिनं त्याला बसायला सांगितलं नाही, तो बसणार नव्हताच, पण तिनं दोन कप भरायला लावले आणि एक त्याच्या हातात दिला. तो इकडेतिकडे बघत, उभ्याउभ्याच, दोन घोटांत प्यायला.